शेकड्यावरची शीग

आमच्या घरात शेताच्या आधी विजेची वाटणी झाली. हे सांगितलं की माणसं हसतात. हसणाऱ्यांपैकी बहुतेकांना स्वतःच्या घराला किती लोड मंजूर आहे तेसुद्धा ठाऊक नसतं, त्यामुळे त्यांच्या हसण्याची मी फारशी पत्रास ठेवत नाही. सेलूला कापसाच्या जिनिंगच्या मागच्या अंगाला आमचं धाब्याचं घर होतं. वर मातीचं माळवद, आत एकामागून एक अंधाऱ्या खोल्या आणि त्या खोल्यांत तीन चुली. एक माझ्या थोरल्या चुलत्यांची. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. दुसरी धाकट्या चुलत्यांची, बापूकाकांची. तिसरी माझ्या आईची. माझे वडील मधले. ते गेले तेव्हा मी इतकी लहान होते की त्यांचा आवाजही मला आठवत नाही.

वीज आली त्या दिवशी मीटर बसवणारा माणूस जाताना सहज म्हणाला, "एक किलोवॅट मंजूर हाय तुमाला. म्हंजे हजार वॅट. एकदम त्याच्या वर जाऊ नका." तो बिचारा सायकलवर टांग टाकून निघून गेला, पण त्याच्या त्या एका वाक्याने आमच्या घराचं वाटोळं केलं. अण्णा तहसिलीत नाझर होते, कचेरीचा जमाखर्च सांभाळणारे. मंजूर झालेली कोणतीही गोष्ट वाटून दिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. त्यांनी त्याच संध्याकाळी ओसरीवर सतरंजी अंथरली, पानाचा डबा मधे ठेवला, बापूकाकांना समोर बसवलं आणि जमिनीचा हिस्सा पाडावा तसा विजेचा हिस्सा पाडला. वीज ही वापरली तेवढीच खर्च होते, न वापरलेली कुणाच्या नावावर पडून राहत नाही, एवढी साधी गोष्ट त्या सतरंजीवर कुणालाही सुचली नाही.

"निम्मी माझी," अण्णा म्हणाले. "थोरल्याचा दस्तूर हाय, आन् पाव्हणारावळा माझ्याच वसरीवर येतो. चाळीस टक्के बापूचे, त्याला लेकरं लय. ऱ्हायले वीस टक्के, ते हिकडं." हिकडं म्हणजे दाराआड उभ्या असलेल्या माझ्या आईकडे. मी तेव्हा शाळेत शेकडेवारी शिकत होते आणि नवं शिकलेलं मनात दाबून ठेवण्याचा माझा स्वभाव नव्हता. मी म्हणाले, "अण्णा, पन्नास, चाळीस आन् वीस म्हणजे एकशे दहा झाले की." अण्णांनी माझ्याकडे बघितलं, पानाला चुना लावला आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरी, पायलीनं जवारी मोजताना वर शीग सोडतेत का न्हाई? काठोकाठ भरलेलं माप कोन देतं कुनाला? तशी ही शेकड्यावर दहाची शीग. शीग नसंल तर घरात बरकत येत न्हाई." बापूकाकांनी "वा" म्हणून मान डोलावली. पायलीच्या काठावर ज्वारीचा ढीग उभा राहतो, तसा हजार वॅटांच्या काठावर आणखी शंभर वॅटांचा ढीग उभा राहील, असं त्या दोन शहाण्या पुरुषांना खरोखर वाटत होतं, किंवा निदान तेव्हा मला तसं वाटलं.

मी पुढे हयातभर मुलींना गणित शिकवलं, आणि अण्णांचे भाऊबंद अजून गावोगावी जिवंत आहेत हे मी शपथेवर सांगू शकते. परवाच परभणीत कपड्याच्या दुकानावर पाटी होती, पन्नास टक्के सूट आणि त्यावर आणखी वीस टक्के. माझा मुलगा इंजिनिअर, सून बँकेत, आणि दोघंही सत्तर टक्के, सत्तर टक्के म्हणत आत शिरले. मी दारातच म्हणाले की अरे, वीस टक्के उरलेल्या पन्नासावर मिळतात, म्हणजे दहा, एकूण साठ. सून हळूच म्हणाली, "आई, लोक बघायलेत." लोक बघत होतेच, त्यांनाही सत्तरच वाटत होते.

वाटणी झाल्यावर घरात एक नवीच भाषा सुरू झाली. किलोवॅट म्हटल्यावर बायकांना किलो तेवढा ओळखीचा वाटला, आणि त्या आपापल्या हिश्श्याला "आमची अर्धा किलो", "तुमची पावशेर" असं म्हणायला लागल्या. आईचा हिस्सा खरं तर पावशेरही नव्हता. हजाराचे वीस टक्के म्हणजे दोनशे वॅट. त्यात तिच्या खोलीत साठाचा एक बल्ब आणि चुलीपाशी साठाचा दुसरा. अण्णांचा कायदा असा की बटण बंद असलं तरी बल्ब मोजायचा. "रान पडीक असलं तरी साताबाऱ्यावर असतंयच ना," असं ते म्हणत. म्हणजे आई शेजारच्या गावाला गेली, खोलीला कुलूप लागलं, तरी तिचे एकशेवीस वॅट घरात जळतच आहेत असं धरायचं. आणि बापूकाकांच्या घरात सकाळी अंघोळीच्या पाण्याला कॉइलची शेगडी लागायची, ती एकटीच हजार वॅटांची. बापूकाकांचा हिस्सा चारशेचा. शेगडी लागली, वर कुणी पंखा लावला की फ्यूज उडायचा. फ्यूज उडाला की अण्णा ओल्या अंगाने, पंचा सावरत, तरातरा आईच्या दाराशी येऊन माझ्यावर ओरडायचे, "चुलीपाशी दिवा कामून जळायलाय?" लाल झालेल्या कॉइलवर बापूकाकांचा हंडा सळसळत असायचा, तो त्यांना ऐकू येत नसे. मग त्यांनी फ्यूजमध्ये तांब्याच्या तारा पीळ देऊन जाड करून बसवल्या, जेणेकरून तो पुन्हा उडूच नये. घर जळण्याआधी उडायचं हेच ज्याचं काम, त्याचं तोंड बांधून टाकल्याचा त्यांना अभिमान होता आणि पाहुण्यांना ते तो फ्यूज काढून दाखवत.

माझी आई शिवणकाम करायची. झबली, परकर, ब्लाउज, शाळेचे गणवेश. सकाळी जिनिंगचा भोंगा व्हायच्या आत तिच्या मशीनची खडखड सुरू व्हायची, आणि त्या आवाजावर मी अंथरुणात पडल्या पडल्या ओळखायचे की आज जाड कापड आहे की पातळ. दुपारी पूर्णेकडून येणाऱ्या पॅसेंजरची शिट्टी झाली की ती उठायची, भाकरी टाकायची, येसराची आमटी फोडणीला घालायची. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून, तेल-मीठ-शेंगदाण्याचा कूट लावून घोळाणा करायची. ते दोघींचं जेवण मी आजही कोणत्याही पंगतीवरून ओवाळून टाकीन. अण्णांना ही तिसरी चूल खुपत होती. त्यांच्या घरात माणसं जास्त, राबणारे हात कमी. आईने आपली चूल मोडून त्यांच्या स्वयंपाकघरात यावं, दोन वेळच्या भाकरी थापाव्यात आणि मला दहावीनंतर उजवून टाकावं, असा त्यांचा बेत होता. याला ते आधार देणं म्हणत. आई मशीनवर बसली आहे तोवर तो आधार घ्यायची तिला गरज नव्हती, हीच त्यांची अडचण होती.

मग एक दिवस आई माळवदावर मिरच्या वाळत घालायला चढताना शिडीवरून पडली. गुडघा गेला. प्लास्टर निघालं, सूज उतरली, पण पाय मशीनच्या पायडलवर टेकला की तिच्या तोंडून "आई गं" निघायचं. मशीनला दोन्ही पायांची लय लागते. एका पायाने ती काही दिवस रेटत राहिली, शिवण वाकडी जायला लागली, गिऱ्हाइकं कपडे परत आणायला लागली. अण्णा ओसरीवरून मोठ्याने म्हणायचे, "आता बास म्हनावं. आमचं सैपाकघर काय ओस पडलंय का?" हे ते मला सांगत. कारण आमच्या घरात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी थेट बोलत नसे. दोघं एका खोलीत चार हातांवर असले तरी आई म्हणायची, "शकू, अण्णांना म्हणावं पाणी तापलंय," आणि अण्णा म्हणायचे, "शकू, तुझ्या आईला म्हनावं येतो." मधला टपाली मी. माझ्या बालपणाचा केवढा तरी भाग एका कानाचं दुसऱ्या कानाला पोचवण्यात गेला, आणि त्या रीतीचं कौतुक करणारी माणसं आजही भेटली की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

माझा मामा पूर्णेला रेल्वेत होता. त्याने कुठून तरी शिलाई मशीनला बसणारी जुनी मोटर मिळवली आणि पुठ्ठ्याच्या डब्यात घालून आणली. पायडलच्या जागी एक छोटं बटण, ते चांगल्या पायाने नुसतं दाबायचं. मोटरीवर पत्र्याची पट्टी होती आणि तिच्यावर कोरलं होतं, एक दशांश एचपी. आईने ती मोटर बाळाला घ्यावं तशी मांडीवर घेतली. अण्णांनी ओसरीवर चष्मा लावून ती पट्टी वाचली आणि डबा असा बाजूला सारला की जणू आत विंचू आहे. "ह्याच्यावर हॉर्सपावर लिवलंय, पाव्हणं," ते मामाला म्हणाले. "हॉर्सपावर म्हंजे घोडा. शेतातल्या मोटारीला तीन घोडे हायेत, तिला तीन तारा लागतेत, येगळा खांब लागतो. हितं घरात घोडा बांधला तर मीटर जळून राख होईल. हिच्या वीस टक्क्यांत कसा मावायचा घोडा?" मामाला रेल्वेत हयात घालवून एवढंही कळत नव्हतं असं नाही. पण बहिणीच्या सासरी आवाज चढवायचा नाही हे त्याच्या अंगात इतकं भिनलेलं की तो म्हणाला, "तुमी म्हनताल तसं." आणि जेवून पॅसेंजरने परत गेला. डबा आईच्या बाजेखाली गेला.

मी नववीत होते. विज्ञानाच्या पुस्तकात एक वाक्य होतं, एक अश्वशक्ती म्हणजे सातशे शेहेचाळीस वॅट. मी त्याला दहाने भागलं आणि आईला म्हणाले, "आई, अगं ही मोटर एका बल्बापेक्षा थोडीच जास्त आहे. तुझ्या दोनशेतून दोन बल्बांचे एकशेवीस गेले, ऐंशी उरतात. हिला पंच्याहत्तर लागतात. त्यांच्याच कायद्यात बसतं." आई सुईत दोरा ओवत होती. ती म्हणाली, "तू त्यास्नी सांगून बघ." तिच्या आवाजात काही विशेष नव्हतं. मी सांगायला गेले, तर अण्णांनी ऐकूनच घेतलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून ती मशीनवर बसलीच नाही. आलेलं कापड तिने गिऱ्हाइकाला परत दिलं आणि अण्णांच्या स्वयंपाकघरात पीठ मळायला गेली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी ते पिठाने भरलेले हात बघितले आणि मला रडू आलं ते रागाचंच.

महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे अण्णांचा वार्षिक दरबार. मुखवट्यांभोवती रंगीत माळा, पुढे फराळाच्या राशी, दारावर दिवसाढवळ्या पेटलेला शंभराचा बल्ब. सगळं भावकीला दिसावं म्हणून, आणि ते शंभर वॅट कुणाच्या हिश्श्यातले हे विचारायची सोय नाही. आई विधवा, तिने हळदीकुंकवाला हात लावायचा नाही. पण सकाळपासून पुरण तिनेच वाटलं, पोळ्या तिनेच लाटल्या, सोळा भाज्या तिनेच निवडल्या, त्याला मात्र विटाळ नव्हता. मामाही आला होता. दुपारी पुरुषांची पंगत उठली, माजघरात सुपारी फिरायला लागली, आणि कुणी तरी आईच्या पायाची चौकशी केली. अण्णांना हवं तेच झालं. त्यांनी मोटरीची गोष्ट रंगवून सांगितली, घोडा, राख आणि सगळं. "बाईमानसाचा जीव," ते म्हणाले, "काय कळतं त्यास्नी. म्या म्हनलं, पोरीसंगं माझ्या चुलीवर या, मी हाय ना." भावकीने माना डोलावल्या. पुरणपोळीने जड झालेल्या माना. त्या कशालाही डोलल्या असत्या.

मी आईशेजारी माजघराच्या दारात उभी होते. मी म्हणाले, "अण्णा, ती एका घोड्याची नाही. घोड्याचा दहावा भाग आहे."

"दहावा असो का बारावा," अण्णा म्हणाले, "घोडा तो घोडाच. लहान मुलीनं मोठ्यांच्यात बोलू न्हाई."

"एका घोड्याचे सातशे शेहेचाळीस वॅट," मी रेटून म्हणाले. "त्याचा दहावा भाग म्हणजे पंच्याहत्तर वॅट."

"पंच्याहत्तर न्हाई," अण्णा फटकन म्हणाले, "चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा."

चूक दिसली की ती सुधारायची, ही त्यांची नाझरपणाची खोड त्यांच्या जिभेवर त्यांच्याआधी बसली होती. मामाने मान वर केली. बापूकाकांची सुपारी हातातच राहिली. अण्णा स्वतःही क्षणभर समजले नाहीत की आपण काय बोललो. मग समजले, आणि उपरण्याने तोंड पुसायला लागले. इतके दिवस मला वाटत होतं की हा माणूस मूर्ख आहे. पायलीची शीग, भिंतीवरचा विझलेला बल्ब, घरातला घोडा, या सगळ्याला मी मूर्खपणा समजत होते आणि आकडे मांडून तो दूर होईल असं मला वाटत होतं. त्यांना सगळं येत होतं. शेतातल्या मोटारीच्या वेळी त्यांनी दुकानदाराशी वॅट-वॅटवर भांडण केलं असणार. ते दहाने भागू शकत होते, आणि माझ्यापेक्षा नेमकं. मूर्ख माणसाची मला कीव आली असती. त्यांची मला किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला, दाराच्या चौकटीला धरलं आणि लंगडत माजघरात आली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती अण्णांच्या समोर उभी राहिली.

"म्हंजे तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली.

अण्णांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. "शकू, तुझ्या आईला म्हनावं..."

"शकूला कामून सांगायलाव? मी हितं उबी हाय. तुमाला ठावं व्हतं का न्हाई?"

भावकीतला एक म्हातारा खाकरला आणि "जाऊ द्या, सणासुदीचं," असं काहीसं पुटपुटला. आईने त्याच्याकडे मानसुद्धा वळवली नाही. "मी एका पायानं मशीन हानायले व्हते, तवा बी तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली. "दादा, बाजंखालचा डबा काढ."

हे शेवटचं मामाला. त्याने तरी त्या दिवशी "तुमी म्हनताल तसं" म्हटलं नाही, उठला. आईच्या खोलीला लागूनच माजघर, मधे दार उघडं, त्यामुळे सगळी भावकी बसल्या जागेवरून बघू शकत होती. मामाने पट्टा चढवला, मोटर मशीनला आवळली, पिन प्लगात घातली. अण्णा उठून माजघराच्या मधोमध, छतातून लोंबणाऱ्या बल्बाखाली जाऊन उभे राहिले आणि मान वर करून त्याच्याकडे बघायला लागले. धाब्याच्या घरात तो बल्ब दुपारीही लागतो. त्यांनी हात कमरेवर ठेवले. "बगा आता," ते सगळ्यांना म्हणाले, "आत्ता जातंय बगा." आणि सगळी भावकी, पुरुष, दारात जमलेल्या बायका, सगळे वर बघायला लागले.

आईने मशीनखाली हाती लागलं ते कापड घातलं, कुणाच्या तरी परकराची किनार होती. चांगला पाय बटणावर ठेवला आणि दाबला. खडखड नाही, एक बारीक गुणगुण आली आणि सुई चालायला लागली. बल्ब जसा होता तसाच राहिला. मिणमिणलासुद्धा नाही. दारावरचा शंभराचा, मुखवट्यांभोवतीच्या माळा, सगळं जसंच्या तसं जळत होतं. बापूकाका दबक्या आवाजात म्हणाले, "अण्णा, चला, पान घ्या." अण्णा म्हणाले, "थांब जरा. तापू दे तिला." एकेक जण वर बघायचा कंटाळला आणि मान खाली घालून सुपारी चघळायला लागला. अण्णा मात्र हलले नाहीत. आपल्याच घरात, सणाच्या दिवशी, महालक्ष्म्यांसमोर अंधार व्हावा म्हणून तो माणूस वर बघून वाट बघत होता. आईने किनार संपवली, दोरा दाताने तोडला, आणि दुसरी बाजू सुईखाली घातली.